अंगठ्यांनी लिहिलेला अहवाल

आलेली असाइनमेंट फोनवर लिहिली आहे की संगणकावर, हे मला बहुतेक वेळा दुसऱ्या पानापर्यंत कळतं. शुद्धलेखनावरून नाही; त्या चुका संगणकावर लिहिणारेही भरपूर करतात. कळतं ते रचनेवरून. पहिला परिच्छेद घासूनपुसून लिहिलेला असतो, दुसरा बरा असतो आणि तिसऱ्यापासून मुद्दे एकमेकांत शिरायला लागतात. आधी सांगून झालेली गोष्ट पाचव्या परिच्छेदात पुन्हा नव्याने येते. उपशीर्षकं नसतात. फाइलचं नाव ‘अनटायटल्ड डॉक्युमेंट’ असतं. आणि शेवट कुठल्याही वाक्यावर होतो, कारण तिथे लिहिणाऱ्याची बस आलेली असते किंवा जेवणाची सुट्टी संपलेली असते.

मी ऑनलाइन वर्गात व्यावसायिक लेखन शिकवते. अहवाल, अर्ज, बैठकीचं इतिवृत्त, तक्रारीला द्यायचं उत्तर, कामाची सूत्रं दुसऱ्याच्या हाती देताना लिहायची टिपणं. जे वाचून दुसऱ्या कुणाला तरी पुढचं काम करायचं असतं, असं सगळं लेखन. माझे बहुतेक विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे संगणक नाही, किंवा घरात एकच आहे आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक आहेत. वर्ग फोनवर, वाचन फोनवर, लेखन फोनवर. आम्ही शिक्षक एकमेकांशी बोलतो तेव्हा या बाबतीत दोन मतं हटकून ऐकू येतात. एक असं, की फोनवरून आलेलं काम स्वीकारूच नये. दुसरं असं, की काळ बदलला, आता एवढं चालायचंच. मला दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते जरा सविस्तर लिहावंसं वाटतं.

पहिल्यांदा वेगाबद्दल, कारण तक्रार नेहमी तिथून सुरू होते. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी इतर सहकाऱ्यांबरोबर २०१९ साली ३७,००० लोकांच्या फोनवरच्या टायपिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वेग निघाला मिनिटाला साधारण ३६ शब्द. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या अशाच अभ्यासात संगणकाच्या कीबोर्डवरचा सरासरी वेग ५२ शब्दांच्या आसपास होता. हे आकडे इंग्रजी टायपिंगचे आहेत, देवनागरीत अंगठ्यांना जास्त फिरावं लागतं, हे खरं. तरीसुद्धा मिनिटाला ३६ शब्द म्हणजे काही कमी नाही. अहवालातलं एक नेटकं वाक्य मनात जुळायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगते: ऑटोकरेक्ट चालू ठेवणाऱ्यांचा वेग जास्त होता, आणि वरच्या पट्टीत सुचवलेले शब्द निवडत बसणाऱ्यांचा कमी. तेव्हा ती पट्टी फार उपकारक आहे असं समजायचं कारण नाही.

अडचण वेगात नसून दिसण्यात आहे. फोनवर कीबोर्ड उघडला की पडद्याचा जवळजवळ अर्धा भाग तोच व्यापतो. उरलेल्या भागात मजकुराच्या मोजक्या ओळी दिसतात. किल्लीच्या भोकातून खोली पाहावी तसं लिहिणाऱ्याला त्याचं लेखन दिसत असतं. समोरच्या ओळी तो मन लावून लिहितो. पण दोन परिच्छेदांपूर्वी आपण काय म्हटलं होतं ते वर सरकून गेलेलं असतं, आणि ते पाहायला मागे गेलं की चालू वाक्याचा धागा हातातून सुटतो. म्हणून पहिला परिच्छेद चांगला असतो: फाइल उघडल्यावर दर वेळी तोच समोर येतो, आणि दर वेळी त्यावर थोडा हात फिरतो. मधल्या भागाकडे कुणी परत जात नाही. पुनरुक्ती होते, क्रम बिघडतो, निष्कर्ष पुराव्याच्या आधी येतो. लिहिणारा निष्काळजी आहे असा शेरा यावर मारणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. त्याला अख्खा लेख एकदाही एकत्र दिसलेला नसतो.

हे एकदा लक्षात आलं की शिकवायचं काय तेही बदलतं. ‘फोनवर लिहू नका’ असं सांगण्याऐवजी लेख अख्खा दिसेल अशी सोय करून द्यावी लागते. मी पहिल्या आठवड्यापासून एक गोष्ट सोडत नाही: फोन हातात घेण्याआधी कागदावर आराखडा. प्रत्येक परिच्छेदासाठी एकच ओळ, त्यात तो परिच्छेद काय सांगणार एवढंच. तो कागद फोनच्या शेजारी ठेवायचा. लिहून झालं की उलटं करायचं: प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचत जायचं आणि कागदावरच्या ओळीशी ताडून पाहायचं. हे अगदी जुनं तंत्र आहे. संगणकावर ते न करता निभावतं, फोनवर निभावत नाही. शिवाय लेखनाच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये मजकूर छापील पानासारखा दाखवण्याची सोय असते. अक्षर बारीक दिसतं, वाचता येत नाही, पण परिच्छेद किती लांब झालाय, कुठे मोकळी जागा नाही, हे डोळ्यांना लगेच कळतं. पाठवण्याआधी एकदा तरी तसं पाहा, एवढीच माझी विनंती असते.

आखूड लिहिण्याच्या सवयीबद्दलही बोलायला हवं, कारण तिचा इतिहास आहे आणि तो माहीत असला की माणसाचा राग कमी होतो. एसएमएसची १६० अक्षरांची मर्यादा ठरवण्यात फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याचा मोठा वाटा होता. १९८५ च्या सुमारास त्यांनी टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्यं लिहून अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं १६० च्या आत संपत होती. पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ ला. पण ही १६० ची सवलत रोमन अक्षरांना होती. एका संदेशात जागा १४० बाइटची, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. रोमन अक्षराला सात बिट पुरत, देवनागरीला सोळा लागत. म्हणून देवनागरीत एका संदेशात फक्त ७० अक्षरं मावत, आणि त्यात काने, मात्रा, वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जात. मराठी माणूस फोनवर मराठी रोमन अक्षरांत लिहायला लागला त्यामागे आळस नव्हता, हिशोब होता. शब्द तोडणं, स्वर गाळणं, विरामचिन्हं सोडून देणं, हे सगळं त्या जागेच्या टंचाईत शिकलेलं. टंचाई केव्हाच संपली. बोटांना ते अजून कळलेलं नाही.

रोमन अक्षरांची ती सवय आज वेगळ्या रूपात दिसते. बरेच विद्यार्थी रोमन अक्षरं दाबतात आणि कीबोर्ड त्यांचं देवनागरी करून देतो. आता एकाच इंग्रजी ‘एन’मधून न आणि ण, ‘एल’मधून ल आणि ळ, ‘एसएच’मधून श आणि ष यायचे असतात; ऱ्हस्व की दीर्घ हे तर यंत्राच्याच मर्जीवर. पहिला पर्याय घेतला की ‘बाळ’चं ‘बाल’ होतं आणि ‘पाणी’चं ‘पानी’. ‘दुसऱ्या’ लिहिताना साधा र घेतला की ‘दुसर्या’ होतं, रफार नको तिथे जाऊन बसतो. खाली टिंब असलेला ऱ कीबोर्डवर वेगळा असतो, तो घेऊन पाय मोडून य लिहिला की अक्षर नीट जुळतं. हे विद्यार्थ्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी सांगते तेव्हा त्यांना मनापासून आनंद होतो, इतके दिवस ते ‘माझ्या फोनवर येत नाही’ असं समजून चालत होते. म्हणून फोनवरून आलेल्या मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की मी आधी कीबोर्ड कोणता ते विचारते. नियम माहीत नसणं आणि यंत्राने दिलेलं न तपासता घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

तरी सगळ्या चुका मी एका मापाने मोजत नाही. एखादी वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली तर वाचणारा क्षणभर अडखळतो आणि पुढे जातो. विरामचिन्ह गळलं तर तो चुकीचं काम करू शकतो. मी वर्गात हे वाक्य फळ्यावर टाकते: ‘रक्तदाब वाढला तर गोळी द्यायची नाही तर डॉक्टरांना कळवायचं.’ अर्धा वर्ग म्हणतो, गोळी द्यायची, ते जमत नसेल तर डॉक्टरांना कळवायचं. उरलेला अर्धा म्हणतो, गोळी अजिबात द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. दोन्ही वाचनं बरोबर आहेत, आणि एका स्वल्पविरामाने हा घोळ मिटला असता. बोलताना आवाज हे काम करतो: आपण ‘द्यायची’वर थांबतो किंवा ‘नाही’वर थांबतो. लिहिताना आवाज नसतो. फोनवर स्वल्पविरामासाठी बऱ्याचदा दुसऱ्या पानावरचा कीबोर्ड उघडावा लागतो, आणि तेवढ्या कष्टापायी तो गळतो. दर्जा म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी या वाक्याकडे बोट दाखवते. छापील, भारदस्त भाषा मला नको आहे. दूर बसलेल्या, मला प्रश्न विचारू न शकणाऱ्या माणसाला एकच अर्थ मिळावा, एवढं मला हवं आहे.

एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, ‘मॅडम, आमच्या ऑफिसात सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतं. मग हे अहवालबिहवाल शिकून काय करायचं?’ प्रश्न प्रामाणिक होता आणि मला तो आवडला. आम्ही त्याच्याच ऑफिसातला एक संदेश घेतला: ‘उद्या साइटवर जायचंय सगळ्यांनी वेळेत या कागदपत्रं घेऊन.’ उद्या म्हणजे कधी? संदेश रात्री साडेअकराला गेला होता, काही जणांनी तो सकाळी वाचला. सगळ्यांनी म्हणजे कुणी? कुठली कागदपत्रं? वर्गाने मिळून तो पुन्हा लिहिला: वार, तारीख, वेळ, ठिकाण, कोणी यायचं, काय आणायचं, अडचण आली तर कुणाला कळवायचं. संदेश तरीही फोनच्या एका पडद्यात मावत होता. भाषाही तशीच साधी होती, ‘उपरोक्त’ नाही की ‘सदरहू’ नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, ही चांगली सोय आहे, पण ज्याने पहिल्याच मिनिटात वाचून बॅग भरायला घेतली त्याला तिचा उपयोग नाही. इंटरनेटवरच्या लेखनशिष्टाचाराचा एक जुना दस्तऐवज आहे, आरएफसी १८५५ नावाचा, १९९५ सालचा. फोनवर फारसं कुणी ईमेल वाचत नव्हतं तेव्हाचा. त्यातही हाच सल्ला आहे की थोडक्यात लिहा, पण तुटक लिहू नका. साधन बदललं, वाचणाऱ्याची गरज बदललेली नाही.

आता गुणांबद्दल. फोनवर लिहिलं म्हणून थोडं सैल तपासावं का? माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे, आणि ते कठोरपणातून आलेलं नाही. ज्याच्याकडे फक्त फोन आहे, बहुतेक वेळा त्यालाच या लेखनाची सर्वांत जास्त गरज असते. नोकरीचा अर्ज, बढतीसाठीचं पत्र, कापलेल्या पगाराबद्दलची तक्रार. त्याचा अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तो फोनवर लिहिला आहे हे माहीत नसतं, आणि असलं तरी तो त्याला सूट देणार नाही. काही फोन ईमेलखाली ‘हे माझ्या फोनवरून पाठवलं आहे’ अशी ओळ आपोआप जोडतात. मी ती काढून टाकायला सांगते. त्या ओळीवर समोरचा माणूस आपल्याला माफ करील असा भरवसा धरायचा नाही. वर्गात मी सूट दिली तर ज्यांच्याकडे साधनं कमी आहेत त्यांनाच मी कमी शिकवून बाहेर पाठवलं, असं होईल. ते मला मंजूर नाही.

सवलत द्यायची ती वेळेत. पहिला कच्चा मसुदा मी कसाही स्वीकारते: तुटक वाक्यं, रोमन अक्षरं, वहीच्या पानाचा आडवा फोटो, आवाजातलं रेकॉर्डिंग, काहीही. त्यावर गुण नसतात, फक्त आशयाबद्दल बोलणं असतं. चॅटवर कुणी ‘मॅडम समजल नाही परत सांगा ना’ असं लिहिलं तर मी त्यातलं ‘समजल’ सुधारत बसत नाही. तो माणूस माझ्याशी बोलतोय. पण अंतिम प्रत म्हणून जे येईल ते कुणाही अनोळखी माणसापुढे ठेवण्याजोगं हवं, आणि त्यात मी एका मात्रेचीही गय करत नाही. या दोन्हींमध्ये निदान एक रात्र जावी, असं वेळापत्रक मी मुद्दाम आखते. कच्चं आणि पक्कं यांत फरक आहे, हे फोनने पुसून टाकलंय: जिथे लिहितो तिथेच खाली ‘पाठवा’चं बटण असतं. म्हणून असाइनमेंट जमा करण्याच्या चौकटीत थेट लिहायचं नाही, वेगळ्या अ‍ॅपमध्ये लिहायचं, तिथे राहू द्यायचं, आणि मग आणून चिकटवायचं. नेटवर्क गेल्यावर लिहिलेलं गायब होण्याचं दुःखही त्यामुळे टळतं.

त्या एका रात्रीत काय करायचं, तर ऐकायचं. फोनमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय असते, मुळात ती दृष्टिदोष असलेल्यांसाठी आहे, आणि मराठीतही चालते. रुग्णालयात रात्रपाळी करणारी माझी एक विद्यार्थिनी घरी परतताना इअरफोन लावून आपला अहवाल ऐकते. वॉर्डात घडलेल्या एका प्रसंगाचा अहवाल तिने असा ऐकला आणि मला लिहिलं, ‘ऐकताना मलाच कळेना की हे किती वाजता झालं.’ वेळ कुठेच लिहिलेली नव्हती. तिच्या डोक्यात ती इतकी पक्की होती की वाचताना तिला ती कागदावर असल्यासारखी दिसत होती. यंत्राच्या आवाजाला तिच्या डोक्यातलं काही माहीत नव्हतं, त्याने जेवढं होतं तेवढंच वाचलं. तिची दुसरी प्रत मी आजही, तिच्या परवानगीने, नाव काढून, नव्या वर्गाला दाखवते.

बोलून लिहिण्याबद्दलही विचारलं जातं. मराठीतलं व्हॉइस टायपिंग २०१७ पासून गूगलने दिलं आहे आणि ते आता चांगलं चालतं. कच्च्या मसुद्यासाठी मी ते जरूर वापरायला सांगते. मात्र ते बोलणं असतं. ‘आणि मग’, ‘म्हणजे काय की’, एकाला एक जोडलेली लांबच लांब वाक्यं, विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच. त्यातून लेखन काढायचं काम हातानेच करावं लागतं. एका बटणावर भाषा ‘औपचारिक’ करून देणारी साधनंही आता कीबोर्डात आली आहेत. त्यांनी वाक्य गुळगुळीत होतं, पण राहून गेलेली वेळ, तारीख, नाव ती कुठून आणणार?

एक छोटी युक्ती मात्र मला फार मोलाची वाटते. फोनमध्ये वैयक्तिक शब्दकोश असतो. त्यात आपण ठरवलेली दोन-तीन अक्षरं लिहिली की पूर्ण वाक्प्रयोग आपोआप यावा अशी सोय करता येते. आपल्या संस्थेचं पूर्ण नाव, विभागाचा पत्ता, नेहमी लागणारी संज्ञा, पत्राचा मायना, हे सगळं तिथे एकदा नीट तपासून भरून ठेवायचं. कष्ट वाचवण्याची इच्छा चुकीची नाही. फक्त आखूडपणा बोटांपाशी राहावा आणि वाचणाऱ्याला शब्द पूर्ण मिळावा. ज्यांना पूर्वी शब्द तोडल्याशिवाय चैन पडत नसे असे विद्यार्थी यात सर्वांत पटकन रमतात.

हे सगळं विद्यार्थ्यांकडून मागायचं तर शिक्षकानेही आपलं लेखन फोनवर वाचून पाहिलं पाहिजे. मी प्रत्येक सूचना पाठवण्याआधी माझ्या फोनवर उघडते. ए४ आकाराची पीडीएफ फोनवर वाचायची म्हणजे प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत जायचं; अशा सूचनेतला तिसरा मुद्दा कुणी पाळला नाही तर दोष कुणाचा? सूचना साध्या मजकुरात, लहान परिच्छेदांत, आणि जमा करण्याची तारीख पहिल्या ओळीत. समासात लिहिलेल्या टिप्पण्या फोनवर कित्येकदा दोन-तीन टिचक्यांच्या मागे दडतात, म्हणून सर्वांत महत्त्वाचं काय ते मी वरच, मजकुराच्या आधी लिहिते. आणि दर्जा म्हणजे काय हे आधी सांगितलेलं असावं, नमुन्यासकट. गुण कापल्यावर सांगणं म्हणजे शिकवणं नव्हे.

काही गोष्टी फोनवर होत नाहीत, हेही मान्य करायला हवं. अनेक स्तंभांचा तक्ता हे त्यातलं ठळक उदाहरण. पडद्याच्या रुंदीत तो मावत नाही, एका चौकटीतला आकडा बदलायला गेलं की शेजारचा रकाना सरकतो, आणि शेवटी विद्यार्थी कंटाळून तक्त्याचा स्क्रीनशॉट चिकटवतो. अशा असाइनमेंटची कल्पना मी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात देते, म्हणजे कुणाला ग्रंथालयातला, ऑफिसातला, नात्यातल्या कुणाचा संगणक तासभर मिळवायचा असेल तर वेळ हाताशी राहतो. ज्यांना तेही शक्य नसतं त्यांनी मला आधी सांगायचं. त्यांच्याकडून मी तीच आकडेवारी तक्त्याऐवजी तीन परिच्छेदांत मांडून घेते: कुठला आकडा वाढला, कुठला घटला, वाचणाऱ्याने त्यावरून काय ठरवावं. ते तक्त्यापेक्षा अवघड आहे, असं मी त्यांना आधीच सांगते. या सत्रात तक्ता जमणाऱ्यांपैकीही काही जणांनी ते तीन परिच्छेद लिहायची परवानगी मागितली आहे, आणि पुढच्या सत्रापासून ते सगळ्यांनाच द्यायचं मी ठरवलं आहे.